एक घोट आणि एक तुकडा

आमच्या केनवडला पाव हे आजाऱ्याचे अन्न होते. धडधाकट माणसाने पाव खावा हे कोणाच्या डोक्यातही येत नसे. घरात कोणाला ताप भरला, दोन दिवस ज्वारीची भाकर घशाखाली उतरेनाशी झाली, की रिसोडला जाणाऱ्याजवळ पैसे देऊन पाव मागवायचा. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेला, एस्टीच्या धक्क्यांनी चेपटलेला तो पाव संध्याकाळी घरी येई. मग तो चहात बुडवून आजाऱ्याला भरवायचा आणि उरलासुरला तुकडा आम्ही पोरांनी पळवायचा. गल्लीत कोणाच्या हाती पाव दिसला, की शेजारीण दारातूनच विचारी, “कोण पडलं व माय?” पाव खाण्यासाठी आपणही आजारी पडावे, अशी लहानपणी फार इच्छा होई. दोनदा मी तसे सोंगही केले; पण आईने पावाऐवजी गुळवेलीचा काढा पाजला, तेव्हापासून तो नाद सोडला.

आणि दारू? तिचे नाव घरात निघत नसे. नाव न घेण्याचे कारण आमची थोरली बहीण. तिला आम्ही बाई म्हणतो. तिच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या दाजींनी, पंधरा वर्षांत पाच एकर कोरडवाहू जमीन हातभट्टीच्या पायी घालवली आणि सोळाव्या वर्षी ते स्वतःही गेले. बाई दोन लेकरे घेऊन माहेरी आली. तिच्यासमोर ‘पिणे’ हे क्रियापद आम्ही केवळ पाणी आणि चहा यांच्यासाठी वापरतो.

हे एवढे सांगण्याचे कारण असे, की गेल्या फेब्रुवारीत मी नाशिकला जाऊन वाइन चाखून आलो. वयाच्या सत्तराव्या वर्षी, मास्तरकीतून निवृत्त झालेल्या, सुपारीचे खांडदेखील न खाणाऱ्या माणसाने! आणि वर, तिथला ताजा पाव पिशवीत घालून घरी आणला. त्याची हकीकत सांगतो.

पुतण्याचा आग्रह

माझा पुतण्या नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात आहे. त्याच्याकडे आठवडाभर राहायला गेलो होतो. पंचवटी झाली, काळाराम झाला, त्र्यंबकेश्वर झाले, शनिवारी तो म्हणाला, “काका, आता नाशिकचं नवं तीर्थ दाखवतो.” तीर्थ या शब्दातली कोटी माझ्या उशिरा लक्षात आली.

गंगापूर धरणाच्या बाजूला रस्ता वळतो तसे दोन्ही अंगांना द्राक्षांचे मळे लागतात. नाशिककडची खायची द्राक्षे आपल्याला ठाऊक आहेत : मांडवावर चढवलेले वेल, खाली लोंबणारे टपोरे, बिनबियांचे, हिरवेगार घड. वाइनची द्राक्षे पाहून माझी निराशाच झाली. मणी बोराच्या बीएवढे बारीक, साल जाड, आत बिया. बाजारात मांडली तर गिऱ्हाईक हात लावणार नाही. पण बागेतला माणूस म्हणाला, की वाइनचा रंग, तुरटपणा आणि वास हे सारे सालीत असते. मणी जितका लहान तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक. खायच्या द्राक्षाला फुगवायचे, हिला फुगू द्यायचे नाही. एका वेलावर घडही मोजकेच ठेवायचे. शेतकऱ्याने मुद्दाम पीक कमी घ्यायचे, हा प्रकार आमच्या सोयाबीन-तुरीच्या मुलखातल्या माणसाला चमत्कारिकच वाटतो.

आणखी एक गंमत. फ्रान्स-इटलीत थंडीने वेल झोपी जातो आणि वसंतात जागा होतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून त्याची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते : एक एप्रिलच्या सुमारास काड्या तयार होण्यासाठी, दुसरी सप्टेंबर-ऑक्टोबरात फळासाठी. तिकडची काढणी उन्हाळ्याच्या सरत्या दिवसांत आणि शरदात, ऑगस्ट ते ऑक्टोबरात. आपली जानेवारी ते मार्च. उन्हाळ्याच्या तोंडाशी द्राक्ष पिकवून पावसापासून ते वाचवायचे, अशी ही युक्ती आहे.

ह्या धंद्याचा इतिहास फार जुना नाही. राजीव सामंत नावाचे गृहस्थ अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकला घरच्या जमिनीवर आले. आंबा, गुलाब, खायची द्राक्षे असे उद्योग करून १९९७ साली त्यांनी वाइनच्या द्राक्षांची लागवड केली. आईच्या सुलभा या नावावरून कंपनीचे नाव ठेवले ‘सुला’, आणि २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. त्याआधी पुणे जिल्ह्यात नारायणगावला चौगुले मंडळींनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाइन काढलीच होती. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाइन पार्क काढले, करात सवलती दिल्या. मग दिंडोरी, निफाड, इगतपुरी इकडे कारखाने उभे राहिले; सोलापूर जिल्ह्यात अकलूजलाही एक झाला. २००५ मध्ये ‘सुला’ने मळ्यातच चाखण्याची खोली उघडली. भारतातली ती पहिलीच.

चाखण्याचा विधी

आम्ही गेलो ती खोली कोणाची होती ते सांगत नाही. जाहिरातीचा आळ नको. चार टेबले, काचेच्या भिंतीपलीकडे मळा, आणि एका टोकाला लहानशी पावाची भट्टी. दर आठवड्याला इथे पाहुणे जमतात. एकेका माणसापुढे पाच पेले, प्रत्येकात आचमनाला लागेल त्याहून थोडे अधिक द्रव्य. मला वाटले होते, कोपऱ्यात कोणी तरी डुलत असेल, कोणी तरी गात असेल. ‘एकच प्याला’ आमच्या गावच्या गणेशोत्सवात पाहिलेले. सुधाकर आणि तळीराम याखेरीज पिणाऱ्यांचे दुसरे दोन नमुने मला माहीत नव्हते. (गडकरी ते नाटक रंगभूमीवर आलेले पाहण्यापूर्वीच, जानेवारी १९१९ मध्ये, आमच्या विदर्भात सावनेरला वारले.) पण इथे तर परीक्षेच्या खोलीसारखी शांतता! शेजारच्या टेबलावर एक पोक्त जोडपे. नवरा-बायको दोघेही पेल्यात नाक घालून बसलेले.

चाखवणारी मुलगी निफाडकडची, शेतकऱ्याच्या घरातली. स्वच्छ मराठीत तिने आम्हाला धडा दिला. पेला दांडीला धरा, पोटाला नको. हाताच्या ऊबेने वाइन तापते. पांढऱ्या कागदावर तिरपा करून रंग पाहा. मग पेला गोल गोल फिरवा, म्हणजे वास मोकळा होतो. आता नाक घाला. “कशाचा वास येतो, काका?”

मी म्हणालो, “पेरूचा.” म्हणालो आणि स्वतःच दचकलो. पण ती खूश झाली. सोव्हिन्यों ब्लां जातीच्या द्राक्षात पेरूचा आणि हिरव्या मिरचीचा वास येतो म्हणे. हिरव्या मिरचीचा तर मलाही आला. मात्र तो पुतण्याच्या खिशातल्या पुडीतला नव्हे ना, याची मी आधी खात्री करून घेतली.

मग घोट. तो गिळायचा नाही. चूळ भरावी तसा तोंडात घोळवायचा. पांढरी आधी, लाल नंतर, गोड सर्वांत शेवटी. लाल वाइनने जीभ अशी आवळली, की कच्चे जांभूळ खाल्ल्याची आठवण झाली. तो तुरटपणा साल आणि बियांतला. चहा फार उकळला म्हणजे येतो त्याच जातीचा. शिराज जातीच्या वाइनमध्ये काळ्या मिऱ्याची आठवण येते, हे तिने सांगितल्यावर मला आले. सांगितले नसते तर आले असते की नाही, देव जाणे. आणि बाजूला एक भांडे ठेवलेले असते. त्यात थुंकायचे. जे खरे जाणकार, दिवसाला पन्नास वाइनी चाखणारे, ते सगळे थुंकतात. गिळतील तर दहाव्या पेल्यानंतर त्यांच्या निकालाला किंमत राहणार नाही. मी पाचही वेळा थुंकलो. पैसे देऊन आणलेले इतके इमानाने थुंकण्याचा प्रसंग आयुष्यात पहिलाच!

दोन पेल्यांच्या मध्ये पावाचा तुकडा. तो जीभ धुण्यासाठी असतो. त्यावर लोणी नाही, मसाला नाही. कडक सालीचा, आत जाळीदार, किंचित आंबूस. वाइनपेक्षा मला तोच अधिक आवडला, हे कबूल करतो. भट्टीवरच्या पोराला विचारले, यात काय घातले आहे? “पीठ, पाणी, मीठ,” तो म्हणाला. “आणि यीस्ट?” “बाहेरचं यीस्ट नाही, काका. विरजण आहे.”

विरजण म्हटल्याबरोबर मी खुर्ची पुढे ओढली. ते मला समजते.

एका आईची दोन लेकरे

गव्हाचे पीठ पाण्यात कालवून ठेवले, रोज थोडे काढून ताजे पीठ घातले, की पाच-सात दिवसांत ते आपोआप फसफसू लागते. पिठात आणि हवेत असलेले किण्व आणि दह्यातल्यासारखे आम्ल करणारे जीवाणू त्यात घर करतात. आपल्या घरात कालच्या दह्याचे विरजण आजच्या दुधाला लावतात, तसेच हे. काही ठिकाणी एकच विरजण वर्षानुवर्षे जगवलेले असते. ह्या पावाला इंग्रजीत सावरडो म्हणतात, आणि पुण्या-मुंबईत आता तो फॅशनेबल झाला आहे. एका पावाची किंमत ऐकाल तर तुम्हालाच ताप भरेल आणि मग तोच पाव खावा लागेल!

पण गंमत पुढेच आहे. ज्या किण्वाने पाव फुगतो, त्याच जातीच्या किण्वाने द्राक्षरसाची वाइन होते. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हे त्याचे लांबलचक नाव. ते साखर खाते आणि दोन वस्तू टाकते : एक मद्यार्क, दुसरा कर्बवायू. पावात वायू अडकतो, त्याने कणीक फुगते. मद्यार्क भट्टीच्या आचेने उडून जातो. वाइनमध्ये उलट; वायू उडून जातो आणि मद्यार्क राहतो. म्हणजे एकच कामगार दोन कारखान्यांत राबतो; इथे त्याचे एक उत्पादन ठेवून घेतात, तिथे दुसरे. किण्व हा सजीव आहे आणि आंबणे हे त्याचे जगणे आहे, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लुई पाश्चरने दाखवले. त्याआधी हजारो वर्षे माणसे पाव भाजत होती आणि वाइन गाळत होती. कोणाच्या जिवावर, ते मात्र त्यांना ठाऊक नव्हते.

मग आमच्या ज्वारीने काय पाप केले? तिचा पाव का होत नाही? कारण वायू धरून ठेवायला जाळे लागते, आणि ते जाळे गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या चिकट द्रव्याचे असते. ज्वारीत ते नाही. तिची कणीक आंबेल, पण वायू निसटून जाईल. म्हणून आमच्या आयाबहिणींनी वेगळी वाट काढली : गरम पाण्यात पीठ मळायचे, हाताने थापायचे, तव्यावर पाणी फिरवायचे आणि निखाऱ्यावर वाफेने फुगवायची. भाकरी फुगते ती वाफेने, एका मिनिटात. पाव फुगतो तो किण्वाने, काही तासांत. भट्टीवरच्या त्या पोराला मी हे सांगितले. तो हात झटकत म्हणाला, “काका, आमची आजी भाकरी फुगवते तशी मला नाही फुगवता येत.” पोरगा प्रामाणिक होता.

गोव्याचा पोदेर

ताज्या पावाचे खरे घर आपल्या शेजारी आहे आणि ते चारशे-पाचशे वर्षे जुने आहे. गोव्याला मी दोनदा गेलो. पहाटे झोपेत असता सायकलच्या भोंग्याचा पों-पों आवाज आला. खिडकीतून पाहिले, तर मागे मोठी टोपली, वर प्लॅस्टिकचे आच्छादन, आणि दारोदारच्या बाया पिशव्या घेऊन उभ्या. तो पोदेर, म्हणजे पाववाला. शब्द पोर्तुगीज, आपला ‘पाव’ शब्दही त्यांचाच. पूर्वी पोदेराजवळ भोंगा नसे, घुंगरासारखी वाजणारी काठी असे. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांना गव्हाचा पाव हवा झाला. जेवायला आणि चर्चमधल्या विधीलाही. पण यीस्ट कुठून आणणार? तेव्हा नारळीच्या झाडाची ताजी माडी, म्हणजे सूर, कणकेत घालू लागले. सूर स्वतःच आंबत असतो. त्याच्यातल्या किण्वाने पाव फुगला. सासष्टीतल्या माजोर्डे गावच्या लोकांना जेझुइटांनी ही विद्या प्रथम शिकवली, असे तिकडे सांगतात.

त्या टोपलीत एकाच जातीचा पाव नसतो. साधा चौकोनी पाव; कडक पाठीचा उंडो; कोंड्याच्या पिठाची, आत पोकळ पोई; फुलपाखरासारखा कातरलेला पाव; आणि बांगडीसारखे काकण. मला पोई फार आवडली. भाकरीच्या जवळची वाटली. तीही फुगते, तीही पोकळ, तिच्याही पोटात रस्सा घालून खाता येतो.

आता तिथेही गोष्टी पालटल्या आहेत. माडावर चढून सूर काढणारे रेंदेर कमी झाले. बहुतेक भट्ट्यांत कारखान्याचे यीस्ट वापरतात. पोदेरांची मुले रात्री दोनला उठून भट्टी पेटवायला तयार नाहीत, त्यांना बोटीवरची नोकरी किंवा परदेश हवा. कित्येक भट्ट्या बाहेरून आलेल्या कामकऱ्यांच्या हाती आहेत. दोष कोणाला द्यावा? रात्री दोनला उठणे ज्याला चुकवता येते तो चुकवणारच. पण भोंग्याचा तो आवाज बंद झाला, तर गोव्याची पहाट मुकी होईल.

मुंबईतल्या जुन्या भट्ट्यांवर दुसरेच संकट आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात सांगितले, की लाकडावर आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जावे. शहराची हवा खराब आहे, ही गोष्ट खरीच. पण ब्रून पावाच्या कडक पाठीला लाकडाचीच आच लागते, असे जुने बेकरीवाले म्हणतात. आणि भट्टी बदलण्याचा खर्च लहान धंद्याला झेपत नाही. लादीपाव महागला, तर वडापाव महागतो, आणि वडापाव महागला म्हणजे मुंबईत काय होते ते सांगायला नको.

पाव खाऊन बाटणे

आज आपण पावाला इतके सरावलो आहोत, की एके काळी त्याने धर्म बुडत असे हे खरे वाटत नाही. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी प्यालेला सारा गाव बाटला, अशा कथा वसईपासून गोव्यापर्यंत ऐकायला मिळतात. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग प्रभृतींनी परमहंस सभा स्थापन केली, तेव्हा सभासद होणाऱ्याची परीक्षा काय होती? ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खाऊन दाखवायचा! जातिभेद मानत नाही हे भाषणाने नव्हे, तर घास गिळून सिद्ध करायचे. सभा गुप्त होती. पुढे सभासदांची यादी बाहेर फुटली, आणि घरोघरी असा गहजब झाला, की १८६० च्या सुमारास ती सभाच मोडली. एका पावाच्या तुकड्यासाठी! १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्याबद्दल रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य उपस्थित झाले, ती गोष्ट तर प्रसिद्धच आहे.

त्या पिढ्या पावाला भ्याल्या आणि आम्ही तो चहात बुडवतो. मग आज वाइनला भिणारे उद्या तिच्यात बिस्किट बुडवतील काय? असा युक्तिवाद पुतण्याने गाडीत केला. मी म्हणालो, “बाबा रे, पाव खाऊन कोणाची पाच एकर जमीन गेली, असे मी ऐकलेले नाही.” पुतण्या गप्प झाला. दाजींची गोष्ट त्यालाही माहीत आहे.

शंभर चौरस मीटर

परदेशात म्हणे कोपऱ्यावरच्या लहान दुकानात दर शुक्रवारी वाइन चाखवतात. शेजारचा बेकरीवाला ताजा पाव आणून देतो. मोहल्ल्यातली माणसे जमतात, दोन घोट घेतात, एखादी बाटली विकत नेतात, आणि घरी जाऊन जेवतात. आपल्याकडे तसे लहान दुकान होणे सोपे नाही. १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून पुस्तकात आहे. महाराष्ट्रात पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि एका दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी पाच व देशीसाठी दोन रुपयांना मिळतो. पिणाऱ्या किती जणांच्या खिशात तो असतो, हा प्रश्न मी विचारत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवले, की शंभर चौरस मीटर वा त्याहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला ठेवता येईल. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळेल, असे सरकारचे म्हणणे. लगेच गदारोळ उठला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. सरकारने लोकांच्या हरकती मागवू असे म्हटले. उपोषण टळले आणि त्या निर्णयाची अंमलबजावणीही रखडली. शंभर चौरस मीटर ही अट वाचून मला हसू आले. म्हणजे दुकान मोठे असेल तर वाइन हे शेतकऱ्याचे कल्याण, आणि लहान असेल तर ती दारू!

पण हसण्यावारी नेऊ नये अशीही एक बाजू आहे. आपल्याच राज्यात गावातल्या बायांना दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान मागता येते. मतपत्रिकेवर दोन चिन्हे असतात : उभी बाटली आणि आडवी बाटली. गावच्या एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, की दुकान बंद. झालेल्या मतदानाच्या निम्म्या नव्हे, एकूण मतदारांच्या! मजुरीचा दिवस बुडवून, नवऱ्याचा डोळा चुकवून त्या बाया रांगेत उभ्या राहतात. त्यांना जाऊन कोणी पेरूचा वास आणि मिऱ्याची आठवण सांगू लागला, तर त्या काय म्हणतील? आणि त्यांचे चुकेल असे तरी कसे म्हणावे?

मग द्राक्षवाल्याचे काय? त्याचीही कहाणी सुखाची नाही. २००१ च्या धोरणानंतर पुष्कळ शेतकऱ्यांनी खायच्या द्राक्षाची बाग मोडून वाइनची लावली. २००८-०९ ची मंदी आली, वाइन खपेना, टाक्या भरलेल्या, काही कारखान्यांनी करार करूनही माल उचलला नाही, काहींनी उचलला त्याचे पैसे थकवले. आणि हे द्राक्ष बाजारात नेऊन विकावे, तर बिया आणि जाड साल, खाणार कोण? खायचे द्राक्ष पडेल भावात का होईना खपते, वाळवून बेदाणा करता येतो. वाइनच्या द्राक्षाला एकच गिऱ्हाईक, आणि त्याने पाठ फिरवली की संपले. कित्येकांनी कुऱ्हाड घेऊन वेल तोडले. आज धंदा पुन्हा सावरला आहे, ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक निशाणी मिळालेली आहे, शनिवार-रविवारी मोटारींच्या रांगा लागतात. पण त्या बागेतल्या माणसाला मी विचारले, करार किती वर्षांचा? तो म्हणाला, “कागदावर आहे तितक्या वर्षांचा.” आणि हसला. शेतकऱ्याचे हे हसणे मला केनवडचे वाटले.

बाईच्या फडताळात

घरी आलो तेव्हा बाई ओसरीवर तूर पाखडत होती. पिशवीतून विरजणाचा पाव काढून तिच्यापुढे ठेवला. तिने तो हातात घेऊन ठोकून पाहिला, जसे मडके ठोकतात तसा.

“कोन आजारी हाय रे बापू?”

कोणी नाही म्हटले. मग कुठून आणला हे सांगणे भाग पडले. नाशिक, मळा, पेले, सारे सांगितले. लपवायचे ठरवले असते तर लपले असते. पण पुतण्याच्या बायकोने आधीच फोन केलेला होता.

सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, “म्हंजे पेऊन आला तू.”

“पेलो नाही, बाई. तोंडात घोळवलं आणि थुंकून टाकलं. सगळेच तसे करतात.”

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. “थुकाचंच होतं, त मंग इकत कायले घेतलं?”

ह्या प्रश्नाला जगातल्या कोणत्याही वाइनपंडिताने उत्तर दिले असेल असे वाटत नाही. मी द्राक्षांची गोष्ट काढली. एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्षे लागतात, बाटली कित्येक शेकड्यांना विकली जाते, हे सांगितले. ती बोटांवर काही मोजत होती.

“अन् अंगूरवाल्याले काय भेटते त्याच्यातलं?”

भाव वाणावर ठरतो, सालावर ठरतो, करारावर ठरतो, असे मी म्हणालो. “म्हंजे त्याच्या हातात नाई,” ती म्हणाली आणि पुन्हा सूप हाती घेतले. सोयाबीनच्या भावाबद्दलही ती इतकेच बोलते.

रात्री जेवणे झाली. पावाची एक फोड तिने चहात बुडवून खाल्ली. साल कडक म्हणून दात नसलेल्या बाजूने कुरकुर केली, पण दुसरी फोड मागितली. मग उठून फडताळातून तपकिरी बाटली काढली. दर हिवाळ्यात अशक्तपणासाठी वैद्याने सांगितलेले द्राक्षासव. कितीतरी वर्षे ती ते घेते आहे. द्राक्षे, गूळ आणि धायटीची फुले घालून हे आंबवतात. फुलांबरोबर किण्व येते आणि मद्यार्क आपोआप तयार होतो, बाटलीवर तसे बारीक अक्षरांत छापलेलेही असते. नाशिकहून येताना गाडीत मला पहिल्यांदा हे सुचले होते, आणि तेव्हापासून मी ठरवत होतो : तिला सांगावे की न सांगावे? सांगितले तर ती बाटली उद्या उकिरड्यावर जाईल, आणि तिच्या कमरेला तेवढाच एक आधार आहे.

मी बाटलीकडे पाहत होतो हे तिच्या ध्यानात आले असावे. बूच काढता काढता ती म्हणाली, “मले मालूम हाय. पंधरा वर्सं त्या वासात काढली म्या. वळखू येत नसन का मले?”

मग तिने दोन चमचे द्राक्षासव वाटीत मोजले, दोन चमचे पाणी मोजून घातले, बूच घट्ट लावले, आणि बाटली फडताळात अगदी मागे, लेकरांचा हात पोचणार नाही अशी ठेवून दिली.